आधी बॉल कुठनं गेला ते सांग

स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतल्या खेळांवरचे लेख, जुन्या मुलाखती आणि काही माहितीपटांचं निवेदन इंग्रजीत आणायचं होतं. अनुवादक बरेच होते. एकाच गोष्टीला चौघांनी चार शब्द वापरू नयेत म्हणून सगळ्याआधी एक शब्दावली हवी होती, आणि ती तयार करायचं काम एका अनुवाद संस्थेनं माझ्यावर सोपवलं. खेळ ठरलेले होते. फुटबॉल मुख्य, मग सायकल शर्यती, टेनिस, उत्तर स्पेनमधल्या बास्क लोकांचा, भिंतीवर चेंडू मारत खेळायचा पेलोता आणि अलीकडे सगळीकडे पसरलेला, भिंतींच्या आत रॅकेटनं खेळायचा पादेल. माझे शब्द तपासायला दोघं होते: अर्जेंटिनातल्या रोसारिओची एक अनुवादिका आणि स्पेनमधल्या बिल्बावचा एक पत्रकार. शेवटचा हात फिरवायला इंग्लंडमधला एक संपादक.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल हा पेठांचा खेळ आहे. तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी, आणि वर्ल्ड कप आला की गल्लीच्या एका टोकाला अर्जेंटिनाचा झेंडा नि दुसऱ्या टोकाला ब्राझीलचा. त्या वातावरणात वाढल्यामुळे खेळ डोळ्यांना कळत होता. स्पॅनिश पुढे पुण्यात शिकले, त्यावर पोट भरू लागले, पण कामं यायची ती करारपत्रांची आणि औषधांच्या माहितीपत्रकांची. खेळ आणि भाषा एका टेबलावर आली ती या कामात.

सुरुवात नियमावलीपासून केली. फुटबॉलचे नियम ठरवणारी आयएफएबी ही संस्था आपली नियमावली इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश अशा चार भाषांत काढते आणि अर्थामध्ये फरक पडला तर इंग्रजी पाठ प्रमाण मानते. दोन पाठ शेजारी शेजारी उघडायचे आणि ओळीला ओळ लावत जायचं. 'साके दे बांदा' म्हणजे थ्रो-इन, 'साके दे पुएर्ता' म्हणजे गोल किक, 'फुएरा दे खुएगो' म्हणजे ऑफसाइड. तोच 'साके' टेनिसमध्ये सर्व्हिस होतो. गोलकीपरला स्पेनमध्ये 'पोर्तेरो', अर्जेंटिनात 'आर्केरो', उरुग्वेत 'गोलेरो' म्हणतात, पण माणूस एकच असल्यामुळे इंग्रजीत अडत नाही. 'प्रोर्रोगा' म्हणा की 'आलार्गे', ब्रिटिश वाचकाला एक्स्ट्रा टाइम आणि अमेरिकन वाचकाला ओव्हरटाइम, एवढी नोंद पुरते. हा भाग भराभर हातावेगळा झाला.

पण नियमावलीत मैदानावरचं अर्धंसुद्धा नसतं. चेंडू समोरच्याच्या दोन पायांमधून काढला तर नियम त्याबद्दल चकार शब्द बोलत नाही. गॅलरी मात्र उठून उभी राहते. स्पेन आणि अर्जेंटिनात याला 'कान्यो' म्हणतात, म्हणजे नळी. मेक्सिकोत 'तुनेल', बोगदा. पेरूमध्ये 'उआचा'. आणि इंग्रजीत नटमेग, चक्क जायफळ. यातल्या एकाही शब्दाचा अर्थ लावत बसून दुसऱ्या शब्दापर्यंत पोचता येत नाही. मधे चेंडू बघावाच लागतो.

माझा थोरला भाऊ बरीच वर्षं पेठेच्या संघातून लेफ्ट बॅकला खेळला. त्याला स्पॅनिश येत नाही, इंग्रजी कामापुरतं. मी त्याला क्लिप पाठवायचे आणि विचारायचे, "दादा, ह्याला काय म्हणायचं?" त्याचं उत्तर ठरलेलं असे. "म्हणायचं काय ते तू बघ. आधी बॉल कुठनं आला, कुठनं गेला, गोलकीपर कुठं हुता, ते सांग." ते ऐकून ऐकून मी तक्त्यात एक रकाना वाढवला: मैदानावर काय घडतं. स्पॅनिश शब्द, देश, खेळ, मग हा रकाना, आणि तो साध्या वाक्यात भरल्याशिवाय इंग्रजी शब्द लिहायचा नाही. संस्थेला आधी हा रकाना जास्तीचा वाटला. माझ्या मते अख्ख्या तक्त्यात सगळ्यात मोलाचा तोच आहे.

त्याचं मोल 'पालोमिता'नं दाखवलं. पालोमा म्हणजे कबूतर, पालोमिता म्हणजे छोटं कबूतर. माद्रिदच्या एका सामन्याच्या वृत्तांतात पालोमिता होती गोलकीपरची: अंग आडवं ताणून हवेत घेतलेली झेप, चेंडू बोटांच्या टोकांनी बाहेर. इंग्रजीत फुल-स्ट्रेच सेव्ह किंवा फ्लाइंग सेव्ह. रकाना भरला, पुढे गेले. नंतर रोसारिओची एक जुनी मुलाखत हाती आली. तिच्यातली पालोमिता गोल अडवत नव्हती, गोल करत होती. अर्जेंटिनात पालोमिता म्हणजे आडवं झेपावून डोक्यानं मारलेला चेंडू, डायव्हिंग हेडर. एकच शब्द, दोन देशांत दोन टोकांना: इथे गोल वाचतो, तिथे होतो.

रोसारिओच्या सहकारिणीला मी एवढंच विचारलं होतं की डायव्हिंग हेडर बरोबर आहे ना. तिनं भलं मोठं पत्र धाडलं. ती रोसारिओ सेंट्रल या क्लबची चाहती. 19 डिसेंबर 1971 रोजी, राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, ब्वेनोस आइरेसच्या मोनुमेंताल मैदानावर आल्दो पोय यांनी अशाच पालोमितेनं गोल केला. सेंट्रल 1-0 जिंकलं, आणि हरलेला संघ कोण, तर त्याच गावचा न्यूवेल्स ओल्ड बॉइज. पुढे सेंट्रलनं ती स्पर्धाही जिंकली. तेव्हापासून सेंट्रलचे चाहते दर 19 डिसेंबरला जमतात, कुणीतरी चेंडू उचलून देतो आणि तो गोल पुन्हा केला जातो. स्वतः पोय म्हातारपणीही ती झेप घेत आले. पेठेची खुन्नस ज्यानं पाहिली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मी नोंदीत लिहिलं: सर्वसाधारण मजकुरात डायव्हिंग हेडर, पोय यांच्या गोलाचा विषय असेल तर 'पालोमिता' तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच उलगडावा. कारण त्या गावात ते एका गोलाचं विशेषनाम झालं आहे.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो 'सिंको'नं. सिंको म्हणजे पाच. अर्जेंटिनात 'सिंको' म्हटलं की बचावफळीच्या पुढे उभा राहून चेंडू हिसकावणारा आणि तिथूनच संघाचा खेळ सुरू करून देणारा खेळाडू. स्पेनमध्ये त्याला 'पिवोते' म्हणतात. पण इंग्लंडमधल्या मुरलेल्या प्रेक्षकापुढे नंबर फाइव्ह म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर येतो उंचापुरा सेंटर-हाफ, म्हणजे गोलसमोरचा बचावपटू. मसुद्यात जिथे जिथे 'सिंको'चं नंबर फाइव्ह झालं होतं, तिथे इंग्रज वाचक वेगळाच माणूस वेगळ्याच जागी उभा करणार होता.

असं का, हे समजून घ्यायला शंभरेक वर्षं मागे जावं लागलं. जुन्या रचनेत मागे दोन बॅक, मधे तीन हाफ, पुढे पाच फॉरवर्ड. तीन हाफमधला मधला तो सेंटर-हाफ, संघाचा कणा. 1925 मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर चेंडू मिळताना आक्रमकाच्या आणि गोलरेषेच्या मधे प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत, ते दोनवर आले. गोलांचा पाऊस पडू लागला. तेव्हा इंग्लंडमध्ये, आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांचं नाव यात पुढे असतं, सेंटर-हाफला मागे ओढून दोन बॅकच्या मधे उभं करण्यात आलं. जागा बदलली, नाव सेंटर-हाफच राहिलं. पुढे पाठीवर आकडे आले तेव्हा पाचही त्याच्याच वाट्याला आला. ला प्लाता नदीच्या काठी, म्हणजे अर्जेंटिना-उरुग्वेत, तो खेळाडू मधल्या फळीतच राहिला आणि पाच आकडा तिथेच रुजला. म्हणून अर्जेंटिनाच्या चौघा बचावपटूंचे पारंपरिक आकडे 4, 2, 6, 3 असे विस्कटलेले वाटतात आणि त्यांच्यापुढे 5 उभा असतो. फेर्नांदो रेदोंदो 1994 च्या वर्ल्ड कपला अर्जेंटिनासाठी 5 घालून खेळला आणि त्याच काळात रिअल माद्रिदला गेल्यावर 6. काम तेच.

शब्दावलीत मी होल्डिंग मिडफिल्डर लिहिलं, आणि खाली एक सूचना: मूळ लेखक आकड्यावरच बोलत असेल, म्हणजे "आमच्या क्लबनं नेहमीच मोठे पाच दिले" अशा धर्तीवर, तर नंबर फाइव्ह ठेवा, पण त्याच वाक्यात तो बचावफळीच्या पुढे खेळतो हे येऊ द्या. संपादकाला हे पटलं. त्यानं मला सांगितलं की तिकडे हल्ली या जागेला सिक्स म्हणायची पद्धत पडली आहे, त्यामुळे तरुण वाचक आणखी वेगळीकडे पाहील. तीही नोंद गेली.

'त्रिप्लेते'चा तिढा वेगळा. एका खेळाडूनं सामन्यात तीन गोल केले की त्रिप्लेते, आणि एका संघानं हंगामात तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या की तोही त्रिप्लेते. बार्सिलोनानं 2009 मध्ये लीग, कोपा देल रेय आणि चॅम्पियन्स लीग जिंकली तो त्रिप्लेते. इंग्रजीत पहिला हॅट-ट्रिक, दुसरा ट्रेबल. दोन गोलांच्या 'दोब्लेते'चंही तसंच: खेळाडूचा असेल तर ब्रेस, संघाचा असेल तर डबल. चार गोल झाले की स्पॅनिशमध्ये 'पोकेर', तिथे इंग्रजीत सरळ फोर गोल्स म्हणावं. पोकर म्हटलं तर लोकांना पत्ते आठवतात. त्रिप्लेते ओळखायची खूण क्रियापदात सापडते. 'फिर्मार', सही करणं, किंवा 'मार्कार', गोल करणं, आलं की बहुधा गोलांचीच गोष्ट असते. 'कोंकिस्तार', जिंकून घेणं, आलं की करंडकांची. 'लोग्रार', साधणं, आलं की मागचा परिच्छेद वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. नवख्या अनुवादकाला मी शब्दाऐवजी हे क्रियापदांचं कोष्टक आधी देईन.

'वुएल्ता' हा असाच बहुरूपी. फेरी, परतणं, वळसा, सगळं त्यात मावतं. दोन सामन्यांच्या लढतीत 'ला वुएल्ता' म्हणजे सेकंड लेग. लीगमध्ये 'सेगुंदा वुएल्ता' म्हणजे हंगामाचा उत्तरार्ध. मोटार शर्यतीत लॅप. मोठं अक्षर आलं की 1935 पासून होत आलेली स्पेनची सायकल शर्यत, आणि ती इंग्रजीतही वुएल्ताच. 'वुएल्ता ओलिंपिका' म्हणजे लॅप ऑफ ऑनर, विजेत्यांनी मैदानाला घातलेली फेरी.

हे 'ओलिंपिक' विशेषण आम्हाला आणखी एका ठिकाणी भेटलं आणि तिथे संपादकाशी माझा खरा वाद झाला. उरुग्वेनं 1924 मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचं फुटबॉल सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी कॉर्नरवरून थेट झालेला गोल नियमानं ग्राह्य ठरला. आणि 2 ऑक्टोबर 1924 ला ब्वेनोस आइरेसमध्ये अर्जेंटिनाच्या सेसारेओ ओन्सारीनं त्या ऑलिंपिक विजेत्यांवरच थेट कॉर्नरवरून गोल केला. तेव्हापासून असा गोल म्हणजे 'गोल ओलिंपिको'. संपादकाला ऑलिंपिक गोल हवं होतं. रंग राहतो म्हणाला. माझं म्हणणं, ज्याला गोष्ट माहीत नाही तो हा गोल ऑलिंपिक स्पर्धेत झाला असंच समजणार, आणि त्याची चूक म्हणता येणार नाही. शेवटी ठरलं ते असं: सामन्याच्या बातमीत स्कोअर्ड डायरेक्ट फ्रॉम अ कॉर्नर, इतिहासाच्या लेखात ऑलिंपिक गोल, पण ओन्सारीच्या गोष्टीसकट. हे मला आजही योग्य वाटतं. बातमी वाचणाऱ्याला चेंडू दिसला पाहिजे, लेख वाचणाऱ्याला गोष्टही मिळाली पाहिजे.

'राबोना'ला असा वाद लागला नाही, कारण तो शब्द इंग्रजीनं कधीच उचलला आहे. एक पाय रोवून दुसरा त्याच्या मागून वळवून चेंडू मारायचा. 1948 मध्ये एस्तुदियांतेसच्या रिकार्दो इन्फांतेनं असा गोल केला, आणि 'आसेर्से ला राबोना' म्हणजे शाळेला दांडी मारणं. क्लबचं नावच विद्यार्थी, खेळाडूचं आडनाव बाळ. 'एल ग्राफिको' साप्ताहिकानं लगेच शाळा बुडवणारा इन्फांते रंगवला. हे सगळं इंग्रजीत आणता येत नाही आणि आणायची गरजही नाही. राबोना म्हटलं की पाय बरोबर जागी वळतो. 'चिलेना'ला मात्र इंग्रजीत स्वतःची बायसिकल किक किंवा ओव्हरहेड किक आहे. पेरूचे लोक त्याच फटक्याला 'चालाका' म्हणतात, काल्याओ बंदराच्या नावावरून, आणि चिली व पेरू या दोघांचा त्यावर दावा आहे. म्हणून सूचना लिहिली: मजकूर त्या वादाबद्दल असेल तर दोन्ही शब्द स्पॅनिशमध्येच ठेवा, नाहीतर आपण नकळत निवाडा देऊन बसू.

शब्दांपेक्षाही जास्त त्रास दिला तो स्पॅनिश पत्रकारांच्या एका सवयीनं. त्यांना तेच नाव दुसऱ्यांदा लिहिणं पसंत नसतं. क्रिस्तियानो रोनाल्डो पहिल्या ओळीत नावानं येतो, मग तो 'एल लुसो', पोर्तुगीज. मग 'एल दे मादेइरा', मादेइरा बेटावरचा. मग 'माद्रिदचा माजी खेळाडू'. उरुग्वेचा खेळाडू 'चार्रुआ' होतो, फ्रान्सचा 'गालो'. आत्लेतिको माद्रिद 'कोल्चोनेरोस' होतात, गादीवाले, कारण त्यांच्या शर्टांचे लाल-पांढरे पट्टे जुन्या गाद्यांच्या खोळींसारखे. स्पॅनिश वाचकाला यात लय वाटते, पुनरुक्ती टळते. असा एक मसुदा संपादकाकडे गेला तेव्हा त्यानं समासात विचारलं होतं, या गोलमध्ये एकूण किती जण सामील होते? इंग्रजी वाचक प्रत्येक नव्या नावाला नवा माणूस समजतो. म्हणून नियम केला: इंग्रजीत नाव किंवा सर्वनाम. टोपणनाव लेखात एकदा यावं, तेही उलगडून. काहीतरी हरवतं, हे मान्य. गादीवाले गेल्याचं मला वाईट वाटतं. पण गोल कुणी केला हेच कळलं नाही तर बाकीचं कशाला?

सायकलकडे वळले तेव्हा वेगळंच दिसलं. इथे स्पॅनिशमधून इंग्रजीत जायची वाट फ्रान्समधून जाते. कडेच्या वाऱ्यात स्वार रस्त्याच्या रुंदीभर तिरक्या ओळीत पसरतात. स्पॅनिशमध्ये ते 'आबानिको', पंखा. इंग्रजी भाष्यकार फॅन म्हणत नाही, फ्रेंच एशेलॉन म्हणतो. नायकासाठी पाणी आणणारा, त्याच्यापुढे वारा झेलणारा 'ग्रेगारियो' इंग्रजीत फ्रेंच डोमेस्टिक होतो. पण शरीर थकल्याचे शब्द बहुतेक घरचे आहेत. 'आसेर ला गोमा', रबर होणं: चढावर स्वार गटापासून तुटतो, पुन्हा चिकटतो, पुन्हा तुटतो. इंग्रजीत यो-योइंग. आणि 'पाखारा'. पाखारो म्हणजे पक्षी, आपल्या पाखराजवळ जाणारा उच्चार, पाखारा म्हणजे मादी पक्षी.

हा शब्द बिल्बावच्या सहकाऱ्यानं समजावला. तो स्वतः सायकलवरून डोंगर चढणारा. त्यानं लिहिलं, आधी भूक लागत नाही, उलट खायची इच्छाच जाते. मग हात थंड पडतात, समोरच्या चाकावर नजर ठरत नाही, आणि एका वळणावर पायातलं सगळं संपतं. स्नायूंतली साठवलेली साखर संपलेली असते. दमलेला माणूस हळू का होईना चालवतो, पाखारा आलेला सायकलवरून उतरून रस्त्याच्या कडेला बसतो. हे वाचल्यावर एक्झॉस्टेड, टायर्ड, सगळे उमेदवार आपोआप बाद झाले. इंग्रजी सायकलस्वार याला बाँक म्हणतात, ब्रिटनमधली जुनी मंडळी हंगर नॉक. एका अनुवादकानं आधी 'ही हॅड अ बॅड डे' असं गुळमुळीत काहीतरी लिहिलं होतं. त्या दिवशी त्या स्वाराचं काय झालं होतं, ते वाचकापर्यंत पोचलंच नसतं.

टेनिस सोपं गेलं. 'तिएर्रा बातीदा' स्पेनची, 'पोल्वो दे लाद्रीयो', विटांची भुकटी, अर्जेंटिनाची, दोन्ही क्ले. एक ठिकाण जपावं लागतं: स्पॅनिशमध्ये 'द्राइव' म्हणजे फोरहँड, त्यामुळे ओळखीचा इंग्रजी शब्द दिसला म्हणून तसाच उचलायचा नाही. आणि एक योगायोग मला फार आवडला. 6-0 नं गेलेला सेट स्पॅनिशमध्ये 'रोस्को', गोल भोकाचा पाव, आणि इंग्रजीत बेगल, तोही गोल भोकाचा पाव. शून्याचा आकार पाहून दोघांना बेकरीच सुचली.

पेलोताच्या बाबतीत बिल्बावचा सहकारी हट्टाला पेटला आणि त्याचं बरोबर होतं. भिंतीच्या मैदानाला कोर्ट म्हणू नका, फ्रंटन म्हणा. वेताच्या लांब टोपलीनं खेळतात तो 'सेस्ता पुंता' इंग्रजीत हाय अलाय. फ्लोरिडात हा खेळ विसाव्या शतकात पैजांसकट रुजला होता आणि तिथल्या प्रेक्षकांनी हे शब्द इंग्रजी बोलता बोलताच वापरले. म्हणजे इंग्रजी शब्द शोधायचाच नव्हता, तो तिथे पडलेला होता.

पादेलचं प्रशिक्षण-पुस्तक आलं तेव्हा हाच न्याय लावला. 1969 मध्ये मेक्सिकोतल्या आकापुल्कोला एन्रीके कोर्कुएरा यांनी घरच्या आवारात भिंतींमध्ये हा खेळ बसवला. पुढे स्पेन आणि अर्जेंटिनानं तो मोठा केला. आता मुंबई-पुण्यातही काचेच्या भिंतींची कोर्टं झाली आहेत. त्यातला 'बांदेखा' हा फटका: नेटजवळचा खेळाडू मागे सरकतो, खांद्याच्या वर आलेला चेंडू जोरात न ठोकता रॅकेट वेटरच्या हातातल्या ताटासारखी आडवी धरून कापतो, म्हणजे चेंडू खाली राहतो आणि त्याला पुन्हा नेटवर यायला वेळ मिळतो. बांदेखा म्हणजे ताटच. पुस्तक काढणाऱ्यांना ट्रे शॉट हवं होतं. मी इंग्लंडमधल्या प्रशिक्षकांचे व्हिडिओ ऐकले. ते सगळे बांदेखाच म्हणत होते, व्हिबोरा, चिकिता हे फटकेही तसेच. शिकणाऱ्याला पुस्तकात एक शब्द आणि कोर्टवर दुसरा, असं कशाला करायचं? शेवटी बांदेखा राहिला, सोबत ताटाचं एक वाक्य.

एकच नोंद अशी होती जिच्यापुढे मी इंग्रजी पर्याय लिहून थांबू शकले नाही. 22 जून 1986, मेक्सिकोचं आस्तेका मैदान, मॅराडोना अर्ध्या इंग्लंडला मागे टाकत गोल करतो आणि रेडिओवर व्हिक्टर ह्युगो मोरालेस ओरडतात, 'बार्रिलेते कोस्मिको'. स्पेनमधला वाचक याचा अर्थ लहानसं पिंप असा लावू शकतो, कारण तिथे बार्रिलेते म्हणजे तेच. पतंगाला तिथे 'कोमेता' म्हणतात. अर्जेंटिनात मात्र बार्रिलेते म्हणजे पतंग. इंग्रजीत कॉस्मिक काइट रूढ झालंय आणि ते बरोबरही आहे. पण अर्जेंटिनाचे माजी प्रशिक्षक मेनोत्ती यांनी मॅराडोनाला कधीतरी बार्रिलेते म्हटलं होतं, वाऱ्यावर वाहणारा अशा अर्थानं, आणि मोरालेस यांनी त्याच शब्दाला अंतराळात नेऊन उत्तर दिलं, हे इंग्रजी वाचकाला कळायला हवं. माहितीपटात तेवढी जागा नसते. पडद्यावर दोन ओळी आणि काही सेकंद. तिथे कॉस्मिक काइट ठेवलं. लेखात मेनोत्तींचं वाक्य घेतलं. दादाला ती क्लिप पाठवली तेव्हा त्यानं या वेळी काही विचारलं नाही. त्याला तो गोल पाठ आहे.

फुटबॉलचा भाग सुपूर्द झाला, आता पहिल्या यादीत नसलेल्या बेसबॉलचा सुरू आहे. कॅरिबियन देशांचा मजकूर आहे आणि इथे प्रवास उलटा झालेला दिसतो. होम रनचा 'खोनरोन' झाला, हिटचा 'खित', आता ते परत घरी न्यायचे. आऊटफिल्डर मात्र 'खार्दिनेरो' आहे, माळी, आणि शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाला, 'काम्पोकोर्तो', 'तोर्पेदेरो', 'पारादोर एन कोर्तो' अशी नावं आहेत. इंग्रजी शब्द सगळ्यांचा एकच, तरी कुठलं नाव कुठे चालतं ते मी देशाच्या रकान्यात भरते आहे, कारण पुढचा लेख सान्तो दोमिंगोचा आहे की मेक्सिकोचा, हे बहुतेक वेळा त्या एका शब्दावरूनच लक्षात येतं.